वळण किती वळते?

रेवदंड्याच्या खाडीवरील साळावचा पूल ओलांडून आमची एस.टी. कोर्लईच्या दिशेने निघाली, तेव्हा मुलांच्या भेंड्या रंगात आल्या होत्या. आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गाची सहल काशीदला चालली होती. अलिबागहून मुरूडकडे जाणारा हा रस्ता फार सुंदर आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्येच नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पावलोपावली वळणे. आमचे ड्रायव्हर काही वळणांवर गाडी अगदी सावकाश घेत होते, तर काही वळणांवर वेग जेमतेम कमी करत होते.

पुढच्या बाकावर बसलेल्या एका मुलाने हे बराच वेळ पाहिले आणि मोठ्याने विचारले, "सर, सगळी वळणेच आहेत. मग ड्रायव्हरचाचा काही वळणांना घाबरतात आणि काहींना घाबरत नाहीत, असे का?"

सगळे हसले. ड्रायव्हरही हसले. समोरची नजर न काढता ते म्हणाले, "घाबरत नाही बेटा. वळण किती आहे ते बघून वेग ठेवतो."

"वळण किती आहे, हे कसे बघतात?"

"वीस वर्षे गाडी चालव, मग तुलाही दिसेल."

मुलाचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. लांबी मोजायला टेप आहे, वजनाला तराजू आहे, तापाला थर्मामीटर आहे. वळण मोजायला काय आहे? मी मुलांना म्हणालो, "काशीदला पोहोचलो की आपण वळण मोजू." सामानात दोन मोजपट्ट्या, दोरीचे एक बंडल आणि खेळण्यासाठी आणलेल्या काठ्या होत्या. तेवढे सामान पुरेसे होते.

काशीदचा किनारा अलिबागपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. खडकाळ टेकड्यांच्या मध्ये सुमारे तीन किलोमीटर लांबीची फिकट रंगाची वाळू पसरली आहे. मागे सुरूची झाडे आहेत. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात त्यांतील बरीच झाडे पडली. जी उरली त्यांच्या सावलीत आम्ही डबे ठेवले. भरती ओसरत होती. लाटा जिथे परत फिरत होत्या, तिथे ओल्या वाळूची एक वाकडी रेघ उमटली होती. मुलांना वाटले, आता आपण हीच रेघ मोजणार. मी म्हणालो, "आधी ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, तेच मोजून बघू. आपली रीत बरोबर आहे की चूक, हे त्याशिवाय कळणार नाही."

एक काठी वाळूत रोवली. तिला चार मीटर लांबीची दोरी बांधली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी काठी धरून एका मुलीने भोवती फेरी मारली आणि वाळूवर एक मोठे वर्तुळ काढले. या वर्तुळाची त्रिज्या, म्हणजे तुमच्या उर्दू पुस्तकातील निस्फ कुतर, चार मीटर आहे हे आम्हांला ठाऊक होते. आता मधली काठी उपटून टाकली आणि मुलांना सांगितले, "मधला बिंदू हरवला आहे असे समजा. फक्त ही रेघ तुमच्यापुढे आहे. तिची त्रिज्या शोधा."

येथे एक गोष्ट सांगायला हवी. कोणत्याही वाकड्या रेघेच्या एका लहान तुकड्याला नीट बसेल असे एक वर्तुळ असते. वळण तीव्र असेल तर ते वर्तुळ लहान असते, वळण सौम्य असेल तर मोठे. बांगडीचा काठ हातभर अंतरावरूनही गोल दिसतो. एखाद्या मोठ्या तलावाचा काठ मात्र जवळून सरळच वाटतो. म्हणून गणितात वळण मोजताना त्या वर्तुळाची त्रिज्या शोधतात आणि १ भागिले त्रिज्या या संख्येला वक्रता म्हणतात. त्रिज्या चार मीटर असेल तर वक्रता एक चतुर्थांश. त्रिज्या जितकी मोठी, वक्रता तितकी कमी. अगदी सरळ रेघेची वक्रता शून्य.

आता त्रिज्या शोधायची कशी? वर्तुळाच्या रेघेवर दोन काठ्या रोवा आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधा. या दोरीला जीवा म्हणतात. जीवेच्या बरोबर मध्यापासून रेघेपर्यंतचे अंतर काटकोनात मोजा. त्याला शर म्हणतात. शर म्हणजे बाण. रेघेचा तुकडा धनुष्यासारखा, ताणलेली दोरी धनुष्याच्या दोरीसारखी आणि मधले अंतर बाणासारखे. उर्दूत तुम्ही रेघेच्या तुकड्याला कौस म्हणता आणि जीवेला वतर म्हणता. कौस म्हणजे धनुष्य आणि वतर म्हणजे धनुष्याची दोरी! अरबी गणितात शराला सहम म्हणत; त्याचाही अर्थ बाणच. भाषा वेगळ्या, पण चित्र एकच.

या शब्दांची एक गंमत आहे. संस्कृतमधील जीवा हा शब्द अरबीत जीबा झाला. अरबी लिपीत स्वर लिहिले जात नसल्यामुळे पुढे तो जैब असा वाचला गेला. जैब म्हणजे कपड्याचा गळा किंवा खिसा, आपल्या सदऱ्याची जेब. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा शब्द वापरला आणि त्यापासून साइन हा शब्द तयार झाला. वरच्या वर्गात साइनची कोष्टके वापराल, तेव्हा हा खिसा आठवेल.

जीवा आणि शर हाती आले की उरलेले काम सोपे असते. महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे ठिकाण आहे. तेथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा उल्लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. ११५० साली त्यांनी लिहिलेल्या लीलावतीत हा नियम आहे: जीवेच्या अर्ध्याचा वर्ग करा, त्याला शराने भागा, आलेल्या संख्येत शर मिळवा, वर्तुळाचा व्यास मिळेल. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. म्हणजे दोरी आणि बाणाचा हा हिशेब फारसीतही वाचला गेला आहे. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे ज्यांना ठाऊक आहे ते समरूप त्रिकोण काढून हा नियम स्वतः सिद्ध करू शकतील.

आम्ही दोन मीटरची जीवा ताणली. शर आला सुमारे १२.७ सेंटिमीटर. जीवेचे अर्धे १०० सेंटिमीटर, त्याचा वर्ग १०,०००. त्याला १२.७ ने भागून १२.७ मिळवले तर ८०० सेंटिमीटरच्या अगदी जवळची संख्या येते. व्यास आठ मीटर, म्हणून त्रिज्या चार मीटर. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात माझ्या मनात एक विचार आला आणि येथेच मी चुकलो. मी मुलांना म्हणालो, "आपण दोन मीटरचा तुकडा घेतला. तुकडा जितका लहान घेऊ, तितके उत्तर अचूक येईल. चला, आता ४० सेंटिमीटरची जीवा घेऊ." ऐकायला हे किती योग्य वाटते! पाठ्यपुस्तकातही आपण नेहमी "अतिशय लहान तुकडा घ्या" असेच वाचतो.

मुलांचे तीन गट केले. प्रत्येक गटाने त्याच वर्तुळावर ४० सेंटिमीटरची जीवा ताणून शर मोजला. पहिल्या गटाची त्रिज्या आली दोन मीटर. दुसऱ्या गटाची साडेसहा मीटरच्या पुढे. तिसरा गट म्हणाला, "सर, आमचा शर शून्यच येतो. ही रेघ सरळ आहे!" चार मीटरचे वर्तुळ आमच्या डोळ्यांसमोर होते आणि तीन गटांची तीन उत्तरे होती. कोणीही आळस केला नव्हता.

मी वाळूत बसून हिशेब केला. चार मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ४० सेंटिमीटरच्या जीवेचा शर फक्त अर्धा सेंटिमीटर असतो. काठीने काढलेली वाळूतील रेघच मुळी एक सेंटिमीटर जाड होती! शर कुठपर्यंत मोजायचा, रेघेच्या आतल्या कडेपर्यंत की बाहेरच्या? अर्ध्याऐवजी एक सेंटिमीटर मोजला की त्रिज्या निम्मी होते. ०.३ सेंटिमीटर मोजला की ती साडेसहा मीटरच्या पुढे जाते. मोजण्यातील चूक आणि मोजायची वस्तू एकाच मापाच्या झाल्या होत्या. दोन मीटरच्या जीवेवर हीच अर्ध्या सेंटिमीटरची चूक केली असती, तरी त्रिज्या ३.८५ आणि ४.१६ मीटरच्या दरम्यानच राहिली असती. म्हणजे चूक तेवढीच, पण तिचा परिणाम किती वेगळा!

एका मुलीने लगेच विचारले, "मग सर, जीवा खूप मोठी घेतली की झाले?"

हे ऐकून मला बरे वाटले, कारण याचे उत्तर रस्त्यावरच होते. समजा, रस्ता सरळ येतो, मध्ये फक्त १५ मीटर लांबीचे तीव्र वळण घेतो आणि पुन्हा सरळ जातो. त्या वळणाची खरी त्रिज्या ३० मीटर आहे. तुम्ही ६० मीटरची लांब दोरी ताणून शर मोजलात, तर वळणाच्या दोन्ही बाजूंचे सरळ रस्तेही त्या दोरीत येतात. हिशेब केला की त्रिज्या सुमारे ७० मीटर येते. कागदावर वळण सौम्य होते, रस्त्यावर ते तसेच राहते. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून ठरतो. ७० मीटरच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना जेवढा जोर लागतो, तेवढाच जोर ३० मीटरच्या वळणावर सुमारे २६ किलोमीटर वेगातच लागतो. लांब दोरीवर विसंबून कोणी वेगाची पाटी लावली तर? पावसाळ्यातील ओला रस्ता, खाली समुद्र आणि आत तुमच्यासारखी पन्नास मुले. ड्रायव्हर प्रत्येक वळण बघून वेग ठेवत होते, ते उगीच नाही.

नागमोडी रेघेची गोष्ट तर आणखी वेगळी. रेघ आधी डावीकडे वळली आणि नंतर तेवढीच उजवीकडे वळली, तर लांब जीवेचा मध्य रेघेवरच येऊन पडतो. शर शून्य. दोन वळणे असून हिशेब म्हणतो, एकही नाही!

म्हणून वक्रता काढण्याच्या कामात खरी मेहनत सूत्रात नसते, अंतर निवडण्यात असते. फार जवळचे बिंदू घेतले तर हाताची थरथर, रेघेची जाडी, वाळूचे कण हेच वळण म्हणून मोजले जातात. फार लांबचे घेतले तर खरे वळण पुसले जाते. आणि योग्य अंतर कोणते, हे आधी कोणी सांगू शकत नाही. रेघ किती स्वच्छ आहे आणि तुम्हांला कोणते वळण हवे आहे, यावर ते ठरते.

सूत्रे पुष्कळ आहेत. शर मोजणे अवघड असेल तर रेघेवर तीन काठ्या रोवून त्यांच्यातील तीन अंतरेच मोजावीत. तिन्ही अंतरांचा गुणाकार करून त्याला त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या चौपटीने भागले की त्रिज्या मिळते. अंतरे ५, ५ आणि ८ मीटर असतील तर क्षेत्रफळ १२, म्हणून २०० भागिले ४८, म्हणजे सुमारे ४.१७ मीटर. शराच्या नियमानेही हेच उत्तर येते, करून पाहा. तिसरी रीत चालण्याची. हातात होकायंत्र घेऊन रेघेवरून चालायचे आणि दिशा किती अंशांनी बदलली ते पाहायचे. चाललेले अंतर गुणिले ५७.३, भागिले अंश, म्हणजे त्रिज्या. १०० मीटर चालल्यावर दिशा ५ अंशांनी बदलली तर त्रिज्या सुमारे १,१४६ मीटर. मुलांना ही रीत सर्वांत जास्त आवडली, कारण तिच्यात बसावे लागत नाही. पण कोणतीही रीत घ्या, अंतर निवडण्याचा प्रश्न पुन्हा समोर येतोच.

हा प्रश्न रोजच्या कामात ज्यांनी सोडवला आहे ते म्हणजे रेल्वेचे लोक. मुरूड तालुक्यात रेल्वे नाही, पण आपल्याच रायगड जिल्ह्यातील रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ साली ती संपूर्ण मार्गावर धावू लागली. भारतीय रेल्वेत वळणाची तपासणी करताना कर्मचारी वीस मीटरची दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरतात आणि मध्यावर दोरी व रूळ यांतील अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. त्याला ते व्हर्साइन म्हणतात. तो आपला शरच! समजा, वळणाची त्रिज्या १,२५० मीटर आहे. जीवेचे अर्धे १० मीटर, म्हणजे १०,००० मिलिमीटर. लीलावतीच्या नियमाने शर येतो ४० मिलिमीटर. सव्वा किलोमीटर त्रिज्येचे वळण, पण बाण चार बोटांपेक्षाही लहान!

वाळूत वीस मीटरच्या दोरीवर असा शर मोजला असता तर लाटेच्या एका फेसाने उत्तर बिघडले असते. रुळावर तो चालतो, कारण पोलादी रुळाची कड स्वच्छ असते आणि मिलिमीटरपर्यंत वाचता येते. रेल्वेवाले एकदा मोजून थांबतही नाहीत. दर दहा मीटरवर खूण करून दोरी पुढे सरकवत नेतात, म्हणजे प्रत्येक तुकडा दोन वेळा दोरीखाली येतो. आकडे ४०, ४१, ३९, ४० असे आले तर वळण चांगले आहे. मध्येच ४०, ५५, २६ असे आले तर रूळ तिथे सरकला आहे आणि तो दुरुस्त करायला हवा. डब्यात झोपलेल्या माणसाला फक्त एक हिसका जाणवतो. त्या हिसक्याचे कारण दोरीला आधी कळते.

दुपारी डबे खाऊन झाल्यावर आम्ही शेवटी लाटेच्या ओल्या रेघेकडे गेलो. ती जवळून पाहिली तर नुसती एक कमान नव्हती. लहान लहान कमानी एकमेकींना जोडून ठेवाव्यात तशी ती होती, आणि त्या सगळ्या मिळून एक मोठी, अगदी सौम्य कमान. दोन मीटरच्या जीवेने लहान कमानींचे वळण मिळाले. मोठ्या कमानीसाठी आमची दोरीच अपुरी होती. "सर, यातले खरे वळण कोणते?" असे मला विचारण्यात आले. मी म्हणालो, "वाळूवरच्या खेकड्याला विचारशील तर लहान. मासेमारीच्या होडीतून येणाऱ्याला विचारशील तर मोठे."

आज हे काम संगणकाकडूनही करून घेतात. पण संगणकापुढे जे चित्र असते, ते लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. चौकटीच्या वहीत एकेक घर भरून गोल काढून पाहा. त्याचा काठ जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसेल. शेजारशेजारच्या दोन घरांवरून वळण मोजले तर कुठे शून्य आणि कुठे थेट काटकोन, एवढेच उत्तर मिळेल. गोलाचा पत्ताच नाही! म्हणून काही घरे सोडून बिंदू घेतात, किंवा काठ आधी थोडा गुळगुळीत करून मग वळण मोजतात, किंवा एकाच ठिकाणी पुष्कळ बिंदू घेऊन त्या सर्वांना कमीत कमी चुकीने बसेल असे वर्तुळ शोधतात. हाताने लिहिलेली अक्षरे संगणकाकडून वाचून घेताना हे फार उपयोगी पडते. आपल्या उर्दू लिपीचेच पाहा. अलिफ जवळजवळ सरळ, त्याची वक्रता शून्य. नूनची वाटी खोल. दालला एक टोकदार कोपरा असतो, तर रे हळूच वळत खाली उतरतो. काठ जास्त गुळगुळीत केला तर दालचा कोपराच नाहीसा होतो आणि दालचा रे होतो.

हे मी सांगत होतो, तेव्हा एका मुलीने काठीने ओल्या वाळूत मोठ्या अक्षरांत "दवा" असे उर्दूत लिहिले: दाल, वाव, अलिफ. दालचा कोपरा तिने मुद्दाम टोकदार काढला होता. एक लाट आली, पायापर्यंत फेस पसरला आणि परत गेली. अक्षरे अजून दिसत होती, पण कडा बुजल्या होत्या. मी थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या मुलांना हाक मारली आणि विचारले, "इथे काय लिहिले आहे, वाचा पाहू."

त्यांनी वाकून पाहिले आणि एका सुरात सांगितले, "रवा!"